आतडी थांबली आहेत की अडली आहेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ होती. पोट उघडून तेवढा भाग काढला आणि आतड्याला जोड दिला. आज चौथा दिवस. वारा सरलेला नाही, पोट नगाऱ्यासारखं फुगलंय, काल दोनदा हिरवट उलटी झाली म्हणून काढलेली नाकातली नळी पुन्हा घातली. डॉक्टर म्हणतात, ‘ऑपरेशन उत्तम झालंय, आतडी झोपलेली आहेत, उठतील.’ काका म्हणतात, कापताकापता एखादी नस कापली गेली असणार. आत्या म्हणते, दोन चमचे एरंडेल द्या, नाहीतर निदान नाभीभोवती हिंगाचा लेप तरी लावा. ऑपरेशन उत्तम झालं तर आतडी बंद का, आणि ऐकायचं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

मी जनरल सर्जन आहे. सव्वीस वर्षं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी पोटाची ऑपरेशनं करतोय आणि हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी वॉर्डाबाहेरच्या बाकावर ऐकतो. त्यात दोन प्रश्न मिसळलेले असतात. आतडी नुसती थांबली आहेत की कुठे अडली आहेत, हा पहिला आणि खरा काळजीचा. चांगली चाललेली आतडी मुळात थांबलीच का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर रुग्णाच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय देता येत नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच द्यायचंय. त्यांना काय विचारायचं ते शेवटी सांगतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र मी देऊ शकतो, आणि ते कळलं की एरंडेलाचं काय करायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी काकांची नस, म्हणजे मज्जातंतू. आतड्याला हलण्यासाठी मेंदूच्या परवानगीची गरज नसते. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ साली कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की आतड्याकडे जाणाऱ्या बाहेरच्या सगळ्या नसा तोडल्या तरी आतडं आतला घास पुढे सरकवतंच: घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो. कारण आतड्याच्या भिंतीतच चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे, दहा कोटींहून जास्त पेशींचं. भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आतला गोल कड्यासारखा आणि बाहेरचा लांबीच्या दिशेने. या दोन थरांच्या मधोमध, सँडविचच्या चटणीसारखं, मुख्य जाळं पसरलेलं असतं. पोट रिकामं असतानासुद्धा साधारण दीड-दोन तासांनी एक लाट जठरापासून निघून लहान आतडं झाडत खाली जाते. उपाशी माणसाचं पोट गुरगुरतं त्यात या झाडलोटीचा मोठा वाटा असतो. तेव्हा एखादी नस चुकून कापली म्हणून जठरापासून गुदद्वारापर्यंत सगळं बंद पडेल, अशी त्याची रचनाच नाही.

मग बंद कोणी केलं? इथे या जाळ्याचे शेजारी येतात. त्याच दोन थरांच्या मध्ये, चेतापेशींना अगदी खेटून, मॅक्रोफेज नावाच्या पेशींची वस्ती असते. शाळेत आपण ‘भक्षक पेशी’ म्हणून शिकलो त्याच. जंतू गिळणाऱ्या, मेलेला कचरा उचलणाऱ्या. पण स्नायूंच्या थरात जंतू सहसा पोचत नाहीत, तर या पेशी तिथे रोज करतात काय? २०१४ साली मिलेना बोगुनोविच यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या कामातून याचं सुरेख उत्तर मिळालं. या मॅक्रोफेज एक प्रथिन सोडतात आणि त्यामुळे चेतापेशी आतड्याची हालचाल नीट लयीत ठेवतात. बदल्यात चेतापेशी दुसरं एक प्रथिन सोडतात, ज्याच्यावर या मॅक्रोफेज जगतात. दोन्ही घरं एकमेकांच्या दुधावर. मॅक्रोफेज काढून टाकल्या तर हालचालीची लय बिघडते. गंमत म्हणजे उंदरांना अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जंतू कमी केले, तरी ही देवाणघेवाण मंदावते. म्हणजे आतल्या पोकळीत कोण राहतं याची खबर या शेजाऱ्यांपर्यंत पोचत असते.

आता ऑपरेशन टेबलावर या. पोट उघडलं की आतडी गांडुळांसारखी हळूहळू वळवळताना दिसतात. एखादा भाग हातात धरला की तो आवळतो, थोड्या वेळाने सैल होतो. मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढायचा तर लहान आतडी बाजूला करावी लागतात. आम्ही ती गरम सलाईनमध्ये भिजवलेल्या मोठ्या फडक्यांत गुंडाळून एका बाजूला लोटतो, मदतनीस ती हाताने धरून ठेवतो. दोन तासांनी फडकं काढलं की तीच आतडी वेगळी दिसतात. वरची चकाकी मंदावलेली, भिंत जराशी सुजलेली, रंग गुलाबीकडून लालसरपणाकडे झुकलेला. आणि वळवळ बंद. कुठे कापलेलं नाही, टोचलेलं नाही, नुसतं धरलेलं. हात धरणाऱ्याचे असतील किंवा यंत्राचे, आतड्याच्या दृष्टीने ही मारहाणच.

वॉल्टर कॅनन आणि मर्फी यांनी १९०६ साली मांजरांवर हेच पाहिलं होतं: भूल देण्यापेक्षा, पोट उघडण्यापेक्षा, आतडी हाताळल्याने हालचाल जास्त काळ बंद राहते. मात्र पुढची जवळजवळ नव्वद वर्षं सगळे एवढंच मानत राहिले, की हा नुसता नसांचा धक्का आहे. तो असतोच. सुरी लागल्याबरोबर पाठीच्या कण्यातून ब्रेक लागतो, आतडी गप्प होतात. पण हा ब्रेक ऑपरेशन संपल्यावर काही वेळात सैल होतो. तीन-चार दिवसांचं मौन त्याने समजत नाही. ते कोडं पिट्सबर्गमध्ये काल्फ आणि बाउअर यांच्या कामाने उलगडलं. १९९८ साली त्यांनी उंदीरवर्गातल्या प्राण्यांवर दाखवलं, की आतडं जितकं जास्त हाताळावं तितक्या जास्त पांढऱ्या पेशी त्याच्या स्नायूंच्या थरात गोळा होतात, आणि तितकी स्नायूंची आवळण्याची ताकद कमी होते.

क्रम साधारण असा असतो. हाताळल्याने काही पेशी दुखावतात, त्यांच्यातला माल बाहेर सांडतो. शेजारच्या मॅक्रोफेजना वाटतं घरात चोर शिरला. इतके दिवस चेतापेशींशी गोडीने वागणाऱ्या याच पेशी आता पवित्रा बदलतात आणि दाह पेटवणारी रसायनं सोडतात. तीन-चार तासांत रक्तातून पांढऱ्या पेशींची कुमक येऊन पोचते. त्या सगळ्या मिळून नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लॅंडिन तयार करतात, आणि या दोन्हींचा आतड्याच्या स्नायूवर परिणाम एकच: सैल पड, हलू नकोस.

म्हणजे ‘झोपली आहेत’ हा शब्द मला फारसा पटत नाही, जरी मी स्वतः नातेवाइकांना हजार वेळा तोच सांगितलाय. गावात दंगल झाली की पोलीस संचारबंदी लावतात, तसं हे आहे. रस्ते शाबूत, गाड्या शाबूत, ड्रायव्हर जागे. बाहेर पडायची मुभा नाही.

तुम्ही विचाराल, की हाताळलं दोन-चार फूट आतडं, मग जठर का बंद, उलटी का होते? याची दोन कारणं सापडली आहेत. सुजलेल्या भागातून नसांवाटे कण्यापर्यंत खबर जाते आणि तिथून पूर्ण मार्गाला ब्रेक लागतो. शिवाय २०१० साली बॉनच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं, की हाताळलेल्या भागात चेतवल्या गेलेल्या काही टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) रक्तातून प्रवास करून न हाताळलेल्या आतड्यात जाऊन बसतात आणि तिथल्या मॅक्रोफेजनाही भडकवतात. अफवा पसरते तशी ही आग पसरते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: नसेला जखम झालेली नाही, स्नायू मेलेला नाही, भिंतीतल्या राखणदार पेशी भडकल्या आहेत आणि त्यांनी चेतापेशींना आणि स्नायूंना गप्प बसवलंय. दाह ओसरला की हालचाल परत येते. सहसा लहान आतडं पहिल्या दिवसभरात सावरतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं दोन-तीन दिवसांत. तुमच्या वडिलांचं वेळापत्रक लांबलंय हे खरं, पण पोट उघडून मोठ्या आतड्याचा भाग काढलेल्या माणसाच्या बाबतीत चौथा दिवस मला झोप उडवणारा वाटत नाही. पाचवा-सहावा उजाडला तर मी स्कॅनचा विचार करतो.

आता एरंडेल. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. हर्नियात अडकलेलं आतडं सोडवलेला एक शेतकरी, तिसरा दिवस, पोट फुगलेलं. घरच्यांचा धोशा आणि माझा उतावळेपणा, दोन्ही मिळून मी त्याला तोंडाने जुलाबाचं औषध दिलं. मध्यरात्री सिस्टरने उठवलं. सगळं औषध आणि वर लिटरभर हिरवं पाणी त्याने उलटून टाकलं होतं, त्यातलं थोडं श्वासनलिकेत गेलं होतं. आठ दिवस न्यूमोनियाशी झुंजला, वाचला. पोट मात्र त्याच्या वेळेनेच, पाचव्या दिवशी चाललं. तेव्हापासून मी पक्कं शिकलो: जठरच रिकामं होत नसेल तर वरून ओतलेलं काहीही वरूनच परत येणार. आतडं हलवणारी म्हणून जी इंजेक्शनं आम्ही वर्षानुवर्षं देत आलो, त्यातल्या मेटोक्लोप्रामाइडचा आणि एरिथ्रोमायसिनचाही या बाबतीत चाचण्यांत फायदा दिसलेला नाही. संचारबंदीत ॲक्सिलरेटर दाबून काय होणार?

मग आम्ही हात बांधून बसतो का? नाही. पण जे करतो त्यातलं बरंचसं ‘न करणं’ आहे. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात ऑपरेशनच्या आधीनंतरच्या आमच्या सगळ्या सवयी एकेक करून तपासायला लावल्या, आणि आमच्या पिढीचे कान टोचले.

वेदनाशामकांचं पहिलं. मॉर्फिन आणि त्याची भावंडं आतड्याच्या जाळ्यातल्या चेतापेशींवर थेट बसतात आणि त्यांना आणखी गप्प करतात. दुखणं थांबवायलाच हवं, कारण दुखणंही कण्याचा ब्रेक दाबून धरतं. म्हणून शक्य तिथे भूलतज्ज्ञ पाठीत एपिड्यूरल नळी (कण्याजवळ बधिर करणारं औषध सोडणारी) ठेवतात, पॅरासिटामॉल नियमित देतात, मॉर्फिनजातीचं औषध मोजून देतात. दाहविरोधी गोळ्या-इंजेक्शनं प्रोस्टाग्लॅंडिन कमी करतात म्हणून सोयीची वाटतात, पण नव्या जोडाला त्यांचा त्रास होतो की काय अशी शंका असल्याने मी आतड्याचा जोड असला की हात आखडता घेतो. कोणी सर्जन देतात. हा ज्याच्या-त्याच्या अनुभवाचा भाग आहे, त्यावरून तुमच्या डॉक्टरांशी भांडू नका.

सलाईनचं नातेवाइकांना सगळ्यात जास्त नवल वाटतं. बाटली संपली की ‘दुसरी कधी लावणार’ म्हणून मावशींच्या मागे लागतात. नॉटिंगहॅममध्ये २००२ साली मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेल्या फक्त २० रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना नेहमीप्रमाणे रोज तीन लिटरच्या वर पाणी आणि भरपूर मीठ शिरेतून मिळालं, निम्म्यांना हात राखून. भरपूर सलाईन मिळालेल्यांचं वजन सुमारे तीन किलो वाढलं, जठर उशिरा रिकामं व्हायला लागलं, आणि वारा-शौचही उशिरा झाली. सुजलेल्या भिंतीत आणखी पाणी मुरलं की ती हलणार कशी? वॉर्डात वजनकाटा ठेवायची सवय मला त्या अभ्यासाने लागली. दुसरीकडे रक्तातलं पोटॅशियम कमी असेल तर स्नायू हलतच नाही. उलट्या आणि नळीतून पाणी गेलं की ते घसरतं. ते रोज बघून भरून काढणं हे कंटाळवाणं पण फार गुणकारी काम आहे.

नाकातली नळी सगळ्यांना सरसकट घातल्याने आतडी लवकर चालत नाहीत, उलट छातीचे त्रास वाढतात, हे आता नीट सिद्ध झालंय. पण ज्याला उलट्या होताहेत आणि पोट तटतटलंय, त्याला ती हवीच. तुमच्या वडिलांना पुन्हा घातली यात काही चुकलं नाही. फिरवणंही हवं, पण पायातल्या गुठळ्या आणि न्यूमोनिया टाळण्यासाठी. चार फेऱ्या मारल्या म्हणून वारा लवकर सरतो असं काही दिसून आलेलं नाही. तेव्हा ‘चाला, म्हणजे गॅस सुटेल’ म्हणून बिचाऱ्यांना कॉरिडॉरमध्ये पळवू नका.

आता च्युइंगगम. हसू नका, मी स्वतः रुग्णांना देतो. त्यामागचा विचार मला फार आवडतो, म्हणून थोडा लांबवतो. मेंदूतून पोटात उतरणारी वेगस नावाची लांब नस आहे. अमेरिकी संशोधक केविन ट्रेसी यांनी २००२ साली मांडलं, की ही नस दाहावर लगाम ठेवते. २००५ साली नेदरलँड्समधल्या गटाने उंदरांत ही नस चेतवून बघितली, तर हाताळलेल्या आतड्यातल्या मॅक्रोफेज शांत झाल्या आणि जठर लवकर रिकामं होऊ लागलं. नंतर बेल्जियममध्ये लोवेनच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा मौज अशी दिसली, की वेगस मॅक्रोफेजला स्वतः हात लावत नाही. ती आतड्यातल्या चेतापेशींना सांगते आणि त्या आपल्या शेजाऱ्यांना समजावतात. सासरच्या माणसाला थेट न बोलता जावेकरवी निरोप धाडावा तसं! आणि वेगस चेतवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे चघळणं. मेंदूला वाटतं जेवण आलं. प्रत्यक्षात फायदा बेताचा आहे. काही चाचण्यांत वारा थोड्या तासांनी लवकर सरला, पण जिथे केलेट पद्धतीने सगळं आधीच नीट पाळलं जातं तिथे गमने फारसा फरक पडला नाही. जर्मनीत हायडेलबर्गला २०१२ साली कॉफीचा असाच प्रयोग झाला आणि कॉफी पिणाऱ्यांना शौच लवकर झाली. आमच्याकडे मात्र सगळे चहाच मागतात. उलटी थांबून नळी निघाली की तोही घोटभर द्यायला माझी हरकत नसते.

‘शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी इडली खात होते’ असंही तुम्ही लिहिलंय. त्यांचं दुर्बिणीतून झालं असेल तर आतडी कमी हाताळली गेली, दाह कमी. वय, मधुमेह, ऑपरेशन किती तास चाललं, पोटात आधी पू होता का, पूर्वीची ऑपरेशनं, रक्तस्राव, मॉर्फिन किती लागलं, या सगळ्यांवर दिवस ठरतात. दोन कॉटांची तुलना करू नका.

आता पहिला प्रश्न, थांबली की अडली. नुसती थांबलेली आतडी असतील तर दुखणं बोथट असतं, पोट फुगलेलं पण दाबून बघता येईल इतपत मऊ, नाडी आणि ताप ठीक, आणि माणूस कंटाळलेला असला तरी आजारी दिसत नाही. जोडातून गळती होत असेल तर ती बहुधा पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास तोंड दाखवते आणि पहिली चाहूल पुष्कळदा पोटात लागतच नाही: नाडी शंभरच्या वर जाऊन तिथेच राहते, श्वास वाढतो, लघवी कमी होते, माणूस बडबडू लागतो किंवा उगाच अस्वस्थ असतो. ताप, वाढतं दुखणं, कडक होत जाणारं पोट, ड्रेनमध्ये (पोटातून बाहेर काढलेल्या नळीत) हिरवं किंवा विष्ठेसारखं पाणी, यातलं काहीही दिसलं तर रात्री दोन वाजले असले तरी ड्यूटी डॉक्टरांना उठवा. आणि एकदा चालू झालेलं पोट पुन्हा बंद पडलं, कळा येऊन उलट्या होऊ लागल्या, तर अडथळ्याची शंका आधी घ्यायची. या दोन्हीत निवाडा करायला सीटी स्कॅन लागतो. स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकण्यावर मी स्वतः फार विसंबत नाही. ‘वारा सरला’ हेसुद्धा आपल्याकडे पेढे वाटण्याइतकं मोठं मानतात, पण वारा सरून पुन्हा उलटी झालेले रुग्ण मी पाहिलेत. खाल्लेलं पोटात टिकलं आणि शौच झाली, तेव्हा मी नळी विसरतो.

उद्या सकाळच्या राउंडला तुम्ही डॉक्टरांना शांतपणे एवढंच विचारा: नळीतून चोवीस तासांत किती पाणी आलं आणि काल-परवापेक्षा कमी होतंय का, नाडी किती आहे, पोटॅशियम किती आलं, वजन किती वाढलंय, मॉर्फिनजातीचं औषध अजून चालू आहे का, आणि कोणत्या दिवसापर्यंत वाट बघून तुम्ही स्कॅन करणार? यातल्या शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे दिवसाचं उत्तर तयार असतं त्या डॉक्टरांवर निर्धास्त विसंबा. नळीतलं पाणी रोज निम्म्यावर येत असेल आणि हिरव्याचं फिकट होत असेल तर तो मला वाऱ्याहूनही आवडता शकुन.

राहिला आत्यांचा हिंग. बाळाच्या पोटाला लावतात तसा लावल्याने आतल्या मॅक्रोफेजचं काही बिघडत नाही की सुधारत नाही. पण वडिलांचे टाके नाभीला वळसा घालूनच गेले असणार, आणि त्या जखमेवर ओला लेप मला अजिबात चालणार नाही. आत्यांना सांगा, डबीतला हिंग घरी गेल्यावर ताकाला लावायचाय.